दहाचा वाटा आणि किलोचा भाव

‘वाटा’ म्हणजे काय, हे वरळी कोळीवाड्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. करंदी, मांदेली तोलून देत नाहीत. वाटे लावतात आणि वाट्याचा भाव सांगतात. गल्लीच्या तोंडाशी बसणारी भाजीवालीही तेच करते. टोमॅटो, मिरची, आले, लिंबे यांचे वाटे. दहाचा वाटा, वीसचा वाटा. या वाट्याची एक खुबी आहे. त्याचा भाव वाढत नाही. दहाचा वाटा दहालाच मिळत राहतो. फक्त त्यात आधी सहा टोमॅटो असत, तिथे एक दिवस चार दिसू लागतात.

सहाचे चार झाले म्हणजे भाव किती वाढला, असे विचारले तर पुष्कळजण ‘तिसऱ्या हिश्श्याने’ असे उत्तर देतात. ते बरोबर नाही. जो टोमॅटो एक रुपया सदुसष्ट पैशांना पडत होता तो आता अडीच रुपयांना पडतो. वाढ पन्नास टक्के झाली. टोमॅटो तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले, भाव मात्र दीडपट झाला. तरी ही वाढ कुणाच्या तोंडी येत नाही, कारण हातातून गेलेली नोट तीच दहाची असते.

वाचक भगिनींनो, हा विषय आज घेण्याचे कारण आहे. टॉवरमध्ये घरकामाला जाणाऱ्या आमच्या वस्तीतल्या काही भगिनींनी आम्हाला विचारले की, पगार वाढवून मागितला तर बाई म्हणतात, “भाज्या तर स्वस्त झाल्यात, पेपरात आले आहे.” यावर काय बोलायचे? प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायचे तर पेपरात काय आले होते ते आधी नीट वाचले पाहिजे.

ऑक्टोबर २०२५ चा सरकारी आकडा असा होता की, आदल्या ऑक्टोबरच्या मानाने देशातल्या भाज्यांचे किरकोळ भाव साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरले. आकडा खोटा नव्हता. पण आदल्या वर्षीचा आकडा कुणी सांगत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच भाज्या वर्षभरात बेचाळीस टक्क्यांनी चढलेल्या होत्या. आता पाटी-पेन्सिल घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये जी भाजी १०० रुपयांत घरी येत होती, ती २०२४ च्या ऑक्टोबरात १४२ रुपयांना गेली. तिथून साडेसत्तावीस टक्के उतरली म्हणजे १०३ रुपयांवर आली. म्हणजे ‘स्वस्त झाली’ ती चढली होती तिथून. दोन वर्षांपूर्वी होती त्या जागी परत आली, वर तीन रुपये. आणि १४२ च्या दिवसांत वाण्याकडे जी उधारी झाली, भिशीतून जे पैसे उचलले, ते काही भाजीबरोबर खाली उतरले नाहीत.

‘महागाईचा दर घटला’ या वाक्यातही हाच घोटाळा असतो. दर घटला म्हणजे भाव घटला नव्हे. वीस रुपयांची वस्तू चाळीसला गेली की दर शंभर टक्के. पुढच्या वर्षी ती चव्वेचाळीसला गेली की दर दहा टक्के. बातमी येते, महागाई शंभरावरून दहावर आली. घरात वस्तू चव्वेचाळीसची झालेली असते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, भावाची वही घरात असावी. खर्चाची नव्हे, भावाची. खर्चाची वही आपल्या पुष्कळ घरांत असते आणि त्यात ‘भाजी ५०’ एवढेच लिहिलेले असते. त्या पन्नासात काय आले, किती आले, हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही. माणसाची आठवण फार लबाड असते. १९९८ साली कांदा पेटला होता आणि दिल्लीतल्या सत्ताधाऱ्यांना निवडणुकीत तो भोवला, हे अजून सगळ्यांना आठवते. डिसेंबर २०१९ मध्ये कांद्याने मुंबईत शंभरी ओलांडली, जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने ओलांडली, तेही आठवते. पण मधल्या काळात आले, लसूण, हिरवी मिरची पायरी पायरीने कुठे चढून बसली ते आठवत नाही. पूर्वी भाजीवर मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या ‘वरून’ मिळत. आता मिरचीचे वेगळे, कोथिंबिरीचे वेगळे पैसे. ही वाढ कोणत्या तक्त्यात धरतात, कुणास ठाऊक!

कुणी म्हणेल, भाव लिहायला सरकार आहे की. आहे, आणि सरकार पुष्कळ लिहिते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने १९९८ मध्ये रोजचे भाव नोंदवायला सुरुवात केली, तेव्हा १८ केंद्रे आणि १४ वस्तू होत्या. २०२४ पर्यंत केंद्रे ५५० आणि वस्तू ३८ झाल्या. कांदा, बटाटा, टोमॅटो त्यात आहेतच. शिवाय लेबर ब्युरो देशातल्या ८८ केंद्रांत ठरावीक बाजारांतून भाव गोळा करून औद्योगिक कामगारांसाठी निर्देशांक काढते. मुंबई त्यात आहे. केंद्र सरकारच्या नोकराचा महागाई भत्ता याच निर्देशांकावर जानेवारीत आणि जुलैत ठरतो. बँकेतल्या कारकुनाचा भत्ताही त्यालाच बांधलेला आहे. महाराष्ट्रात किमान वेतनावर जो ‘विशेष भत्ता’ दर सहा महिन्यांनी जाहीर होतो, तोही निर्देशांक पाहूनच. म्हणजे बाजारात लिहिलेला मिरचीचा भाव फिरून फिरून पगाराच्या चिठ्ठीवर येतो. ज्याला चिठ्ठीच मिळत नाही त्याच्याकडे मात्र तो येत नाही. घरकाम करणारी, नाक्यावर उभा राहणारा, कंत्राटदाराकडे तोंडी हिशेबावर राबणारा, यांना भाववाढ सगळी मिळते, भत्ता मिळत नाही.

मुंबईतल्या कामगाराचा निर्देशांक जुना आहे. १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस काढले आणि जुलै १९१४ चे भाव शंभर धरून दर महिन्याला कामगाराच्या राहणीखर्चाचा आकडा छापायला सुरुवात केली. त्या यादीत भाज्या दोनच, बटाटे आणि कांदे. पालेभाजी नाही, वांगे नाही, मिरची नाही. साहेबाच्या हिशेबाने कामगार कांदा-बटाटा खाऊन जगत होता! पुढे १९३२-३३ मध्ये कामगार कुटुंबांची पाहणी झाली आणि १९३३-३४ हे वर्ष शंभर धरून नवी मालिका सुरू झाली. लालबाग, परळ, वरळीतल्या गिरणी कामगाराचा महागाई भत्ता पुढे या आकड्याला बांधला गेला. पाहणी असते ती सरासरी कुटुंबाची. आपल्या लोकांना त्या काळी विणकाम खात्यात शिरू देत नव्हते. ते कमी पगाराच्या खात्यांत होते. त्यांच्या घरची चूल सरासरीच्या खालीच पेटत होती.

तीच तीस वर्षांपूर्वीच्या संसाराची यादी धरून १९६३ पर्यंत भत्ता मोजला जात होता. यादी तीच, घर मात्र बदललेले. तेव्हा मुंबईच्या कामगार संघटनांनी सरळ प्रश्न केला, की हा इंडेक्स खरा आहे काय? बाजारात भाव एक आणि कागदावर दुसरा, असे का? आंदोलन झाले. शेवटी राज्य सरकारला मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. निर्देशांक खऱ्या महागाईपेक्षा कमी दाखवला जात होता, हे त्या समितीने मान्य केले आणि दुरुस्ती सुचवली. आजच्या तरुण वाचकांना हे ठाऊक नसते. लाल बावटे, मोर्चे, बंद त्यांनी सिनेमात पाहिलेले असतात. पण मोर्च्यातला एक मोठा मुद्दा असा आकडेमोडीचा होता, हे त्यांना कुणी सांगत नाही. १९७२ च्या दुष्काळात मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईतल्या बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेव्हाही घरातल्या डब्यात काय उरले, याचा हिशेब बाईच्या डोक्यात होता म्हणूनच ते लाटणे वाजले.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव या विषयात येते ते केवळ आदरापोटी नव्हे. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयावरील आपल्या ग्रंथात त्यांनी, रुपयाची विदेशी चलनातली किंमत स्थिर ठेवण्यापेक्षा त्याची खरेदीची ताकद स्थिर राहणे महत्त्वाचे, अशी बाजू मांडली. सोप्या भाषेत, रुपयाला बाजारात काय येते ते पाहा. १९४२ ते १९४६ ते व्हॉईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्याच काळात, १९४३ ते १९४५ मध्ये, देशातल्या अनेक औद्योगिक शहरांतून कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या पाहण्या झाल्या. कामगाराचा संसार मोजल्याशिवाय त्याचा पगार ठरवता येत नाही, ही गोष्ट तेव्हा सरकारदरबारी रुजली.

आताच्या निर्देशांकाचे काय? सध्याच्या मालिकेत २०१६ हे वर्ष शंभर धरले असून ती सप्टेंबर २०२० पासून लागू झाली. आधीच्या २००१ च्या मालिकेत खाण्यापिण्याला शंभरात ४६.२० चा भार होता. नव्या मालिकेत तो ३९.१७ केला. कारण असे की पाहणीत कामगार कुटुंबाचा शाळा, दवाखाना, मोबाईल, प्रवास यांवरचा खर्च वाढलेला दिसला. सरासरीने ते खरेही असेल. पण ज्या घरी पगारातले साठ रुपये खाण्यावर जातात त्या घराचे गणित करून पाहा. खाणे दहा टक्क्यांनी महागले, तर निर्देशांक त्यामुळे चार टक्क्यांहून कमी हलेल. त्या घराचा खर्च मात्र सहा टक्क्यांनी वाढेल. मधल्या दोन टक्क्यांची भरपाई कोण करणार? आपल्या घरात शंभरातले किती रुपये खाण्यावर जातात, हे प्रत्येकाने एकदा तरी मोजावे. मोजल्यावर पुष्कळांना धक्का बसेल.

दुसरी गोष्ट मापाची. सरकारी तक्त्यातला भाव किलोचा असतो. आपण किलो किती वेळा घेतो? रोजंदारीचे घर पाव किलो घेते किंवा वाटा घेते. भाजीवाली सांगते, “पाव वीस, किलो साठ.” म्हणजे पाव-पाव घेणाऱ्याला किलो ऐंशीला पडला. साठाला घेणारा आणि ऐंशीला घेणारा एकाच टोपलीपुढे उभे असतात आणि जास्त पैसे कमी पगाराचा माणूस देतो.

यात भाजीवालीला चोर म्हणण्याचे कारण नाही. तीही आपल्यासारखीच हातावर पोट असलेली. भाजीचा मोठा घाऊक बाजार १९९६ साली भायखळ्याहून वाशीला गेला. तेव्हापासून नाशिक-पुण्याची भाजी खाडीपलीकडे उतरते आणि टेम्पोने पुन्हा मुंबईत येते. दादरला पुलाखाली पहाटे विक्री चालते, तिथून गोणी उचलून टॅक्सीने कोळीवाड्यात. हमाली, टेम्पो, टॅक्सी, सडलेला माल, पावसात भिजलेली मेथी, सगळे त्या वाट्यात बसवायचे. शेतकऱ्याच्या हातात तरी काय पडते? रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या अभ्यासाप्रमाणे गिऱ्हाईक जो रुपया देतो त्यातले टोमॅटोवाल्या शेतकऱ्याला सुमारे ३३ पैसे, कांदेवाल्याला ३६ आणि बटाटेवाल्याला ३७ पैसे मिळतात. निर्यात बंद केली की लासलगावचा शेतकरी रडतो आणि उघडली की शहरातली बाई. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, मे २०२४ मध्ये उघडली. मधल्या काळात दोघांचेही ऐकून घ्यायला कुणी नव्हते.

मार्च २०२० च्या शेवटी वरळी कोळीवाडा सील झाला. करोनात मुंबईतल्या ज्या वस्त्या सर्वांत आधी बंद झाल्या त्यांत हा एक. गल्ल्यांच्या तोंडावर बांबू बांधले, पोलीस बसले. आतल्या माणसाला भाजी किती रुपये किलो हा प्रश्न नव्हताच. भाजी आली का, एवढाच होता. मे महिन्यात वाशीचा बाजारही काही दिवस बंद ठेवावा लागला. आणि याच वेळी सरकारचे भाव लिहिणारे लोकही बाजारात जाऊ शकत नव्हते. १९ मार्च २०२० पासून प्रत्यक्ष भाव गोळा करणे थांबले आणि एप्रिल-मे २०२० चे निर्देशांक अंदाज बसवून काढावे लागले. त्यांचाही नाइलाज होता. पण ज्या दोन महिन्यांत कोळीवाड्यातल्या माणसाने सर्वांत जास्त सोसले, नेमके तेच दोन महिने सरकारी वहीत अंदाजाने भरलेले आहेत. त्या काळात कुण्या घरात कुणी कॅलेंडरच्या मागे जरी भाव लिहून ठेवले असतील, तर ते कॅलेंडर रद्दीत घालू नका.

आता वही कशी ठेवावी ते सांगतो. शंभर पानी वही पुरते. आठवड्यातून एकच वार धरा. रविवार धरला तर वंदनेहून येताना बाजार होतोच. भाज्या सहा पुरेत: कांदा, बटाटा, टोमॅटो, हिरवी मिरची, वांगी आणि मेथी. तारीख, वेळ, कुणाकडे घेतली, किती पैसे, आणि वजन. वेळ लिहिणे जरुरीचे, कारण सकाळी अकराचा भाव आणि रात्री नऊचा भाव एक नसतो. दादरला घेतली तर दादर लिहा. दारावर घेतली तर दार लिहा.

वजनाची अडचण येईल. वाटा आणि जुडी तोलून देत नाहीत, म्हणून ती आपण तोलायची. वाण्याच्या काट्यावर पिशवी ठेवली तर तो नाही म्हणत नाही. मेथीची जुडी निवडून झाल्यावर तोला. पावसाळ्यात चिखल आणि पाणी मेथीच्या भावाने विकत घेतले जाते. मग पैसे भागिले वजन करून किलोचा भाव काढा. हे काम आठवी-नववीतल्या मुलाकडे द्यावे. त्याचा त्रैराशिकाचा सराव होईल आणि आई पन्नास रुपयांत काय करते, हेही कळेल.

तुलना मात्र जुलैची जुलैशी करा. जानेवारीत भाजी उतरलेली असते, पावसाळ्यात चढते. जानेवारीशी जुलै ताडून पाहणारा दर वर्षी घाबरेल आणि जुलैशी जानेवारी ताडणारा दर वर्षी खूश होईल. निदान एक वर्ष पुरे झाल्याशिवाय वही बोलू लागत नाही. दहा-बारा घरांच्या वह्या महिला मंडळात एकत्र ठेवल्या, कोळीवाड्याच्या शेजारी बी.डी.डी. चाळीच्या आणि प्रभादेवीच्या ठेवल्या, तर कुणाची पाटी महाग आणि कुठे, तेही दिसेल. पगाराचे बोलणे करायला जाताना ‘फार महागाई झाली’ असे म्हणण्यापेक्षा, ‘गेल्या जुलैत वांगी या भावाने घेतली, या जुलैत या भावाने, ही वही बघा’ असे म्हणणाऱ्या बाईला उडवून लावणे अवघड जाते. बाई नाही म्हणतीलही. पण ‘पेपरात आले आहे’ एवढ्यावर त्यांना भागवता येणार नाही.

एक रकाना आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. ज्या रविवारी भाव विचारला आणि भाजी न घेता परत आलात, त्या दिवशी पान कोरे सोडू नका. भाव लिहा आणि पुढे लिहा, ‘घेतली नाही’. हा रकाना सरकारी तक्त्यात नसतो. तिथे हिशेब असा चालतो की यादीतली भाजी घरात येतच राहिली, फक्त महाग पडली. आपल्याकडे तसे होत नाही. पन्नासचे पन्नासच खर्च होतात, आणि ताटातली भाजी जाऊन कांदा, चटणी, पातळ डाळ येते. खर्चाच्या वहीत त्या दिवशी काहीच वेगळे दिसत नाही. घरात गरोदर सून असेल, वाढीच्या वयाची मुलगी असेल, तर तिच्या ताटातून काय गेले ते या एकाच रकान्यात सापडेल.

दिवाळीनंतर आम्ही वाचकांच्या वह्या मागवणार आहोत. अक्षर कसेही असो. नाव नको, वस्तीचे नाव पुरे. सहा महिन्यांतल्या सव्वीस रविवारांपैकी किती रविवारी ‘घेतली नाही’ लिहावे लागले आणि कोणत्या भाजीपुढे, ते मोजून याच सदरात छापू.